झेरॉक्सचा ड्रम मरतो, मग जातो कुठे?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

परवा सकाळी कचरा डेपोच्या रस्त्याने गाडीवर येत होतो. एका भंगाराच्या वखारीबाहेर चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा प्रिंटरची कार्ट्रिज फोडत बसला होता. स्क्रू-ड्रायव्हर घालून कडेचं प्लॅस्टिक उचकटायचं, आतली हिरवट चकचकीत नळी एका पोत्यात, चुंबकाचा रोलर दुसऱ्या पोत्यात, आणि राहिलेली काळी पावडर तिथेच जमिनीवर आपटून झटकायची. भुवया काळ्या, नाकपुड्या काळ्या, बनियन कुठल्या रंगाचं होतं ते कळायला मार्ग नव्हता. मी विचारलं, "हे काय आहे माहितीये का रे?" म्हणाला, "शाई हाय, वाळलेली." मग बाजूला थुंकला. थुंकीसुद्धा काळी.

त्याच दिवशी दुपारी एका कार्यालयाच्या फलकावर लिलावाची नोटीस वाचली. कार्यालयाचं नाव आत्ता घेत नाही, कारण शेजारच्या चार कार्यालयांत काही वेगळं चालत नाही. जडवस्तू संग्रह नोंदवहीतून निर्लेखित केलेलं साहित्य, "जसे आहे तसे, जिथे आहे तिथे" या अटीवर विक्रीला. मोडक्या खुर्च्या, गंजलेली कपाटं, यूपीएसच्या बॅटऱ्या, प्रिंटर, मोठी झेरॉक्स मशीन दोन नग. आणि शेवटच्या ओळीत रिकामी टोनर कार्ट्रिज, नग नाही, वजनावर. सकाळचा पोरगा आणि दुपारची नोटीस ही एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत हे कळायला पत्रकार असायची गरज नाही. पण तो रस्ता तयार कसा झाला, हे शोधत बसलो. तीन रात्री गेल्या. सापडलं ते लिहितो.

आपल्या पिढीने शाळेत सायक्लोस्टाइलचे पेपर सोडवलेत. मेणकागदावर टाइप करायचं, चूक झाली की वरून ते लालसर द्रव लावायचं, आणि मग हँडल फिरवून छापायचं. पेपर हातात आला की बोटं काळी आणि वास वेगळाच. त्या यंत्राचा कचरा म्हणजे फाटलेले स्टेन्सिल आणि शाईच्या रिकाम्या ट्यूबा. यंत्र मात्र मरत नसे. आमच्या शाळेतलं यंत्र माझ्या वडिलांच्या काळातलं होतं म्हणतात, शिपाईमामा तेल घालून चालवायचे.

झेरॉक्स गावात आली ती स्टँडसमोरच्या दुकानात. पडदा लावलेली खोली, आत जायला मनाई, एका कागदाला रुपया. मला आठवतंय, वडील जातीच्या दाखल्याची प्रत काढायला घेऊन गेले होते आणि यंत्रातून आलेला कागद गरम होता. मला वाटलं भाजून काढलाय. खरंतर फार चुकलो नव्हतो.

या यंत्राचा बाप म्हणजे चेस्टर कार्लसन, न्यूयॉर्कमधला गरीब घरातला माणूस. पेटंटच्या ऑफिसात काम, दिवसभर नकला टाइप करायच्या आणि नकाशे पुन्हापुन्हा काढायचे. त्यात संधिवात. त्याने ठरवलं की कागदाची नक्कल कोरड्या पद्धतीने, विजेच्या जोरावर निघाली पाहिजे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरिया भागातल्या भाड्याच्या खोलीत, ऑस्ट्रियातून आलेल्या ऑटो कॉर्नाई या निर्वासित शास्त्रज्ञाच्या मदतीने, त्याने गंधकाचा लेप दिलेली जस्ताची पट्टी कापडाने घासली, काचेवर शाईने तारीख आणि जागेचं नाव लिहून त्यातून प्रकाश पाडला, वर एका वनस्पतीची भुकटी टाकून फुंकर मारली. अक्षरं राहिली. ती मेणाच्या कागदावर उचलली. झाली पहिली झेरॉक्स. कोडक, आयबीएम, जनरल इलेक्ट्रिक यांच्यासकट वीसेक कंपन्यांनी त्याला नाही म्हटलं. शेवटी १९४६-४७ च्या सुमारास रोचेस्टरमधली हॅलॉइड नावाची फोटोचा कागद बनवणारी लहान कंपनी तयार झाली. तीच पुढे झेरॉक्स.

पहिलं चाललेलं यंत्र म्हणजे १९५९ चं '९१४'. वजन जवळजवळ तीनशे किलो. कधीकधी आत कागद पेटायचा, म्हणून कंपनी सोबत आग विझवायचं नळकांडं द्यायची आणि त्याला आग हा शब्द येणार नाही असं गोडसं नाव ठेवलं होतं. कंपनीवाले तेव्हाही तसलेच.

आता इथे लक्ष द्या. ते यंत्र इतकं महाग होतं की घेणार कोण? म्हणून कंपनीने ते भाड्याने द्यायला सुरुवात केली. महिना ९५ डॉलर, ठरावीक प्रतींच्या वर गेलात की प्रतीमागे पैसे. यंत्र कंपनीचंच. बिघडलं की कंपनीचा माणूस येणार, पार्ट बदलणार, जुना पार्ट घेऊन जाणार. यंत्र परत आलं की कंपनी ते खोलून, दुरुस्त करून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे लावणार. पर्यावरणाचं प्रेम वगैरे काही नव्हतं. स्वतःची वस्तू कोणी रस्त्यावर टाकत नाही, एवढंच.

त्यात आतला ड्रम. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर सेलेनियम या मूलद्रव्याचा लेप. सेलेनियम हे तांब्याच्या शुद्धीकरणात थोडंथोडं मिळतं, म्हणजे किमती. पुढे टिकावं म्हणून त्यात आर्सेनिक मिसळायला लागले, काही जपानी यंत्रांत कॅडमियमचा लेप असायचा. दोन्ही विषारी. पण घासून गेलेले ड्रम गोळा करून सेलेनियम काढून घेण्याचा धंदा उभा राहिला होता. एके काळी जगात पुनर्वापरातून मिळणाऱ्या सेलेनियमचा मोठा भाग जुन्या झेरॉक्सच्या ड्रममधून यायचा. म्हणजे ड्रम आजच्यापेक्षा विषारी होता, आणि तरी कचऱ्यात कमी जात होता. मला हे वाचून जरा थांबायला झालं.

१९७५ मध्ये अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाने झेरॉक्सची मक्तेदारी मोडली, पेटंटं इतरांना द्यायला लावली. जपानी कंपन्या जोरात आल्या. भारतात १९८३ मध्ये मोदी झेरॉक्स सुरू झाली, उत्तर प्रदेशात रामपूरला कारखाना. आपल्याकडे कंपनीचं नाव हेच कामाचं नाव झालं ते तेव्हापासून. आजही आपण कुठल्याही कंपनीच्या मशीनवर झेरॉक्सच काढतो.

खरा बदल मात्र कॅननने केला. १९८२ मध्ये त्यांनी छोटं घरगुती कॉपियर काढलं आणि डोकं चालवलं. बिघडणारं सगळं, म्हणजे ड्रम, टोनर, साफ करणारी पट्टी, विजेचा भार देणारा भाग, एका प्लॅस्टिकच्या डब्यात कोंबलं. डबा संपला की डबा बदला. मेकॅनिक नको, काही नको. १९८४ चा एचपीचा पहिला लेझरजेट याच कल्पनेवर, आत यंत्र कॅननचंच. सोय फार मोठी झाली, नाही म्हणत नाही. माझा स्वतःचा धंदा त्या डब्यावर चाललाय. पण विचार करा, पूर्वी लाख-लाख प्रती काढणारा ड्रम होता, आता दोन-तीन हजार पानांनंतर अख्खा डबाच टाकायचा. त्याच सुमारास सेलेनियम जाऊन कार्बनी रसायनांचा पातळ लेप आला. विष गेलं ही चांगली गोष्ट. पण त्याबरोबर किंमतही गेली. परत घ्यावं असं आत काही राहिलं नाही.

यंत्र गिऱ्हाइकाचं झालं, कचराही गिऱ्हाइकाचा झाला.

कंपन्यांना हे कळत नव्हतं असं नाही. १९९० मध्ये कॅननने रिकामी कार्ट्रिज परत घ्यायला सुरुवात केली, एचपीने पाठोपाठ. क्योसेराने १९९२ मध्ये उलटा रस्ता धरला. फार कठीण ड्रम बसवायचा, तो यंत्रातच ठेवायचा, फक्त पावडर भरायची. तो प्रिंटर चालला, पण बाजार डब्यावाल्यांनी मारला. कारण साधं आहे, प्रिंटर स्वस्तात विकायचा आणि डब्यात कमवायचं. म्हणूनच डबा पुन्हा भरणारा माणूस कंपनीचा शत्रू. लेक्समार्क कंपनीने सवलतीत कार्ट्रिज विकून अट घातली होती की वापरून झालं की आम्हालाच परत करा, दुसऱ्याला देऊ नका. वेस्ट व्हर्जिनियातल्या इम्प्रेशन प्रॉडक्ट्स नावाच्या छोट्या कंपनीने ती कार्ट्रिज गोळा करून भरून विकली. खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात. ३० मे २०१७ ला निकाल आला: एकदा विकलं की पेटंटचा हक्क संपला, घेणाऱ्याने त्याचं काय करायचं ते पेटंटच्या जोरावर तुम्ही ठरवू शकत नाही.

आपल्या गावात हा खटला आधीच निकाली निघाला होता, वकील न लावता. कोर्टाच्या गल्लीतला आपला कार्ट्रिजवाला (नाव लिहिलं तर गर्दी होईल, म्हणून नाही लिहीत) गेली पंधरा वर्षं '१२ए' आणि '८८ए' भरून देतोय. दोन-अडीचशे रुपयांत टोनर. रेघ पडायला लागली की वायपर ब्लेड, फिकट आलं की डॉक्टर ब्लेड, पान मळकं यायला लागलं की पीसीआर बदल. ड्रम गेला तर ड्रम बदलून तोच डबा परत. एक डबा तो सहा-सात वेळा जगवतो. माझ्या मते या तालुक्यातला सगळ्यात मोठा पर्यावरणवादी तोच आहे, आणि त्याला ते माहीतही नाही. मी त्याला विचारलं, "काढलेले ड्रम, पट्ट्या, वाया गेलेली पावडर कुठे टाकतोस?" तो हसला. म्हणाला, "साहेब, अ‍ॅल्युमिनियम भंगारवाला नेतो. बाकीचं घंटागाडीत. अजून कुठं टाकणार?" पावडर पिशवीत बांधून टाकतो म्हणाला, उघडी नाही. मला तेवढ्यानेही बरं वाटलं.

पावडरीबद्दल नीट सांगतो, उगाच घाबरवायचं नाही. टोनर ही शाई नाहीच. ते बारीक दळलेलं प्लॅस्टिक आहे, त्यात काजळी, काहींत लोखंडाचा ऑक्साइड, थोडं मेण. यंत्रात ते गरम रोलरखाली वितळून कागदाला चिकटतं, म्हणून माझा तो लहानपणीचा कागद गरम होता. कण पाच ते दहा मायक्रॉनचे, आपल्या केसाच्या जाडीच्या मानाने फार बारीक. १९८० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं की काही टोनरमधल्या काजळीत पेशींच्या जनुकांत बदल घडवणारी द्रव्यं आहेत. गडबड उडाली, काजळी बनवायची पद्धत बदलली, ती अशुद्धी बरीच कमी झाली. आज डबा बदलताना हाताला लागलेल्या टोनरने कोणाला काही होत नाही. गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने नको, चिकटतं. पण दिवसाला शंभर डबे तोंडासमोर आपटून फोडणं ही वेगळी गोष्ट. ती धूळ छातीत जाते. आणि पेटवली तर आणखी वेगळी. बारीक उडालेली पावडर ठिणगीने भडकते, जळणाऱ्या प्लॅस्टिकचा धूर होतो तो वेगळाच. उन्हाळ्यात डेपो पेटतो तेव्हा आपण सगळे खोकतो, त्यात आपलीच बिलं, दाखले, प्रश्नपत्रिका छापलेली पावडर असते.

वखारीतला तो पोरगा पाहिल्यावर मला जे आठवलं ते २००२ चं आहे. बासल अ‍ॅक्शन नेटवर्क आणि त्यांच्या सोबतच्या संस्थांनी फेब्रुवारी २००२ मध्ये एक अहवाल काढला होता, चीनमधल्या ग्वेयू गावाचा. अमेरिकेतून आलेली कार्ट्रिज तिथले मजूर स्क्रू-ड्रायव्हरने उघडत, रंगाच्या ब्रशने आणि उघड्या हाताने टोनर झाडून बादलीत काढत. तोंडाला काही नाही. माणसं डोक्यापासून पायापर्यंत काळी. डिप्लोमाला असताना ते फोटो आम्हाला वर्गात दाखवले होते, 'परदेशातला पर्यावरण प्रश्न' म्हणून. आता तोच स्क्रू-ड्रायव्हर डेपोच्या रस्त्यावर आहे. इथे तर बादलीसुद्धा नाही.

नोटिशीतल्या त्या दोन मोठ्या मशीनकडे येतो, कारण त्यात तुमचा-माझा थेट संबंध आहे. साधारण २००२ नंतरच्या मोठ्या डिजिटल कॉपियरमध्ये बहुतेक वेळा हार्ड डिस्क असते. काढलेल्या प्रतीचं चित्र त्यात साठू शकतं. २०१० मध्ये अमेरिकेत सीबीएस वाहिनीने न्यू जर्सीच्या गोदामातून जुनी कॉपियर विकत घेतली आणि डिस्क उघडल्या. एकात बफेलो शहराच्या पोलिसांच्या लैंगिक गुन्ह्यांच्या तपासाचे कागद. दुसऱ्यात एका आरोग्य विमा संस्थेच्या रुग्णांचे अहवाल. त्या संस्थेला, अ‍ॅफिनिटी हेल्थ प्लॅनला, २०१३ मध्ये तडजोड म्हणून १२ लाख १५ हजार ७८० डॉलर भरावे लागले. तीन लाख ४४ हजारांवर लोकांची माहिती उघडी पडल्याचा अंदाज होता.

आणि अशी जुनी यंत्रं जातात कुठे? आपल्याकडे. गावोगावच्या झेरॉक्स सेंटरमधली मोठी यंत्रं पाहा, बरीचशी परदेशातल्या ऑफिसांत वापरून आलेली असतात. त्यांच्या आयातीला अटी आहेत, परवानगीशिवाय आलेला माल बंदरावर अडतोही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच मालाचा खटला होता. कोर्ट म्हणालं, ही यंत्रं बंदी असलेली नाहीत, निर्बंध असलेली आहेत, दंड भरून सोडता येतील, अजून चालतात. मला तो निकाल पटतो. चालणारं यंत्र फोडण्यापेक्षा चालवलेलं बरं. फक्त शेवटी ते मरतं ते आपल्या अंगणात.

म्हणजे आपल्या कार्यालयातली ती दोन मशीन. त्यात किती सातबारे, किती आधार कार्ड, किती उत्पन्नाचे दाखले, कोणाकोणाच्या तक्रारी जाऊन आल्या असतील? मी तिथल्या साहेबांना विचारलं, डिस्क काढली का? ते म्हणाले, "त्यात डिस्क असते?" प्रामाणिक उत्तर होतं, म्हणून रागावलो नाही.

लिलावातला माल काय करू शकतो हे दिल्लीने २०१० मध्ये पाहिलंय. विद्यापीठाने वापरात नसलेलं एक प्रयोगशाळेतलं यंत्र लिलावात विकलं, आत कोबाल्ट-६० होतं, मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं, किरणोत्सर्गाने एक कामगार मेला. झेरॉक्स म्हणजे कोबाल्ट नव्हे, मान्य. पण आत काय आहे ते न बघता विकायची सवय तीच.

कायदा आहे का? आहे. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ चे, १ मे २०१२ पासून लागू. यादीत प्रिंटर आणि कॉपियर आहेत, प्रिंटरच्या पुढे "कार्ट्रिजसह" असं स्पष्ट लिहिलंय. २०१६ च्या नियमांत सुटे भाग आणि संपणाऱ्या वस्तूही आल्या. शिवाय केंद्र आणि राज्य सरकारची खाती, बँका, शिक्षणसंस्था यांना "मोठे ग्राहक" म्हटलं होतं, म्हणजे त्यांनी ई-कचरा अधिकृत ठिकाणीच द्यायचा, नोंद ठेवायची. मग १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम आले आणि मोठ्या ग्राहकाची व्याख्या बदलली: वर्षात यादीतली किमान एक हजार उपकरणं वापरणारा. आता सांगा, आपल्या तालुक्यातल्या कुठल्या कार्यालयात एक हजार उपकरणं आहेत? बहुतेक सगळे एका ओळीत सुटले.

दुसरी गंमत. नव्या पद्धतीत कंपनीने स्वतः माल गोळा करायची गरज नाही, रिसायकल करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घेतलं की झालं. ही प्रमाणपत्रं तयार होतात ती सोनं, तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड यांच्यावर. कार्ट्रिजमध्ये सोनं नाही, तांबं नावाला. राहिलं काळं प्लॅस्टिक आणि पावडर, त्याला विचारतो कोण? काळ्या प्लॅस्टिकचं आणखी दुखणं असं की छाटणीच्या यंत्रातल्या प्रकाशाला ते ओळखूच येत नाही, काजळी प्रकाश गिळते. म्हणून वखारीतला पोरगाही अ‍ॅल्युमिनियमच काढतो. कायदा आणि तो पोरगा एकाच हिशोबाने चालतात.

एक कलम मात्र आपल्या कामाचं आहे. नागरी स्थानिक संस्थेने घरच्या कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा काढायचा आणि नोंदणीकृत रिसायकलरकडे पाठवायचा, ज्याचा वाली कोणी नाही असा मालही. हे नियमातच आहे, मेहेरबानी नाही. घंटागाडीला ओला-सुका असे दोन कप्पे आहेत, तिसऱ्या डब्याला किती खर्च येतो?

तर मी केलंय ते सांगतो. लिलाव गुरुवारी आहे. काल त्या कार्यालयात अर्ज दिला: दोन्ही मशीनच्या डिस्क काढून पंचासमोर नष्ट करा, कार्ट्रिज आणि प्रिंटर वजनावर विकू नका, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतल्या रिसायकलरला द्या, आणि बोली लावणाऱ्याकडून नोंदणीचा कागद मागा. दुसरा अर्ज पालिकेत, तिसऱ्या डब्यासाठी. कार्ट्रिजवाला म्हणाला, दुकानाबाहेर एक पिंप ठेवतो, लोकांनी मेलेली कार्ट्रिज आणून टाकावीत, भरलं की एकत्र पाठवू, वाहतुकीचं बघू. पिंप मी देतोय. बँका आणि शाळावाल्यांनो, तुमच्या कपाटामागे पडलेले डबे मला माहीत आहेत, मी पाहिलेत.

त्या पोराचं काय, असं बायकोने विचारलं. वखारीच्या मालकाशी बोललो. तो म्हणाला, पोरगा शाळेत जातो, सुट्टीचा येतो. आज मंगळवार होता. परत जाऊन आलो, पोरगा तिथेच होता. शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावलाय, उद्या भेटतो म्हणालेत.

अर्जांच्या पोचपावत्या खाली फोटोत टाकल्यात. गुरुवारी अकरा वाजता ज्यांना जमेल त्यांनी कार्यालयाच्या आवारात या.